पोलीस कितव्या चौकटीत आहे

यवतमाळ
१८ जानेवारी २०२५

देवराव काका,

'प्रिय' लिहायची इच्छा नाही, आणि 'आदरणीय' लिहिलं तर तुम्हाला तो टोमणा वाटेल. म्हणून नुसतं नाव.

सोबतच्या पिशवीत मागच्या रविवारी तुमच्या पेपरच्या कार्यक्रमात अब्बांना दिलेली शाल, नारळ आणि काचेचं स्मृतिचिन्ह आहे. नारळ फोडलेला नाही. स्मृतिचिन्हावर 'जलालुद्दीन' असं कोरलंय. ते जलाल आहेत, नुसते जलाल. तीस वर्षं एका कपातला चहा दोघांनी प्यायल्याच्या गोष्टी तुम्ही सांगता, तर एवढं माहीत असायला हरकत नव्हती.

फोन करणार नाही. फोनवर तुम्ही मधेच बोलता. लिहिलेलं निदान शेवटपर्यंत वाचावं लागतं.

मी कार्यक्रमाला नव्हते, दवाखान्यात माझी ड्यूटी होती. तुमच्या पेपरच्याच लोकांनी ग्रुपवर व्हिडिओ टाकला, तो पाहिला. एक मिनिट बावन्न सेकंदांचा आहे. त्यात जे दिसतं ते क्रमाने लिहिते, म्हणजे तुम्हाला "तसं काही नव्हतं पोरी" असं म्हणता येणार नाही.

मागे फ्लेक्स आहे. 'जलालभाईंचा जोक समजवा, बक्षीस मिळवा.' त्याखाली तुमच्या रविवारच्या पुरवणीत येणाऱ्या अब्बांच्या 'मिस्त्री आणि बकरी'मधली नंबरप्लेटवाली चित्रपट्टी दाराएवढी मोठी करून लावली आहे. पहिलं बक्षीस मिळालेले किसनसिंग सर कागद वाचतायत. बकरी म्हणजे सामान्य जनता. निवडणुकीआधी सत्ता तिला सलाम ठोकते, मग तिची शोधाशोध होते, मग तिला थांबायला सांगतात आणि शेवटी ती बिचारी दुसऱ्याच्या रंगाच्या डब्याकडे बघत राहते. टाळ्या. मग तुम्ही माईक घेता. "काय जी जलालभाई, बरोबर सांगितलं का सरांनी?"

अब्बा उभे राहतात. "नाही जी. बकरीनं रंग पेला."

आणि सगळा हॉल हसतो. एक्केचाळीस सेकंद. मागून कोणीतरी ओरडतो, "घ्या! सहा वर्षांत पह्यल्यांदा हासलो बाप्पा!" त्यावर पुन्हा हसतात. तुम्ही माईक बाजूला धरून हसता. अब्बा हात जोडतात आणि खाली बसतात. ते कोणाला हात जोडत होते, ते व्हिडिओत कळत नाही.

नंतरचं व्हिडिओत नाही. घरी आल्यावर त्यांनी ब्रश रॉकेलमध्ये धुतले. ज्या जुन्या कॅरम बोर्डावर ते चित्रं काढतात, तो कपाटावर ठेवून दिला. आज शनिवार. सहा वर्षं दर शनिवारी चार वाजता अब्बा मला हाक मारतात, "फरहा, स्केल ला." मग ते शेवटचा हात फिरवतात आणि मी संवादाच्या फुग्यांमध्ये मराठी लिहिते, कारण त्यांना दुकानाच्या पाट्यांवरची मोठी मराठी येते, छोटी येत नाही. आज चार वाजले. अम्मीने स्वतःहून विचारलं, स्केल काढून देऊ का? अब्बा म्हणाले, "लोगों को समझता नहीं सईदा, तो काहे को बनाना." आणि भांडी घासायला बसले. माझ्या वडिलांनी आयुष्यात भांडी घासलेली नाहीत. अम्मी दारात उभी राहून रडत होती.

मला एक गोष्ट हवी आहे. रविवारच्या पुरवणीत, चित्रपट्टीच्या जागी, तेवढ्याच आकारात माफी. 'आम्ही जलाल यांचा अपमान केला.' 'कोणाच्या भावना दुखावल्या असल्यास' वगैरे चालणार नाही.

फरहा


यवतमाळ
२७ जानेवारी २०२५

देवराव काका,

तुमचं पत्र मिळालं. तुम्ही बोलता तसंच लिहिता, त्यामुळे वाचताना राग यायला वेळ लागत नाही.

तुमचं म्हणणं तुमच्याच शब्दांत: "पेपरवाले सरळ बंदच करून राह्यले होते. मीच म्हटलं, स्पर्धा घेऊ, चर्चा होईल, जलालभाईचं चित्र टिकंल. मले का माहीत, लोकं असे हासतीन?"

म्हणजे बुडणाऱ्या माणसाला वाचवायला तुम्ही गावभर ओरडून सांगितलं की याला पोहता येत नाही.

पुढे तुम्ही लिहिता की बसस्टँडसमोरच्या हॉटेलात लोक दर रविवारी पेपर फिरवतात आणि जोक काय असेल यावर पैजा लावतात. हे तुम्हाला सहा वर्षं माहीत होतं. तुम्ही अब्बांना काय सांगत होतात? "जलालभाई, लोकं लई विचार करतात तुमच्या चित्रावर." ते वाक्य घेऊन ते घरी यायचे. जेवताना दोनदा सांगायचे. एका प्राध्यापकांनी 'जगण्यातली विसंगती टिपणारा चित्रकार' असं पत्र पाठवलं होतं, ते त्यांनी आपल्या पाट्यांच्या दुकानात नंबरप्लेटच्या नमुन्यांशेजारी लावलंय. तुम्ही रोज त्याखाली बसून चहा प्यायलात.

डिसेंबरातल्या आपल्या फोनबद्दलही तुम्ही लिहिलंय. "तूच म्हणाली होती ना बेटा?" त्यावर आज उत्तर देणार नाही.

आता तुमची अट. "एक, फक्त एक जोक मले समजावून सांग. समजला तर माफी छापतो, माझ्या सहीनं." ठीक आहे. तोच घ्या, बक्षीसवाला.

चौकट एक. मिस्त्री नंबरप्लेट रंगवतोय. शेजारी पांढऱ्या रंगाचा डबा, बकरी डब्याकडे बघतेय. चौकट दोन. स्कूटरवाला म्हणतो, "नंबर लवकर टाका, साहेब समोरच उभे आहेत." मिस्त्री म्हणतो, "थांबा." चौकट तीन. मिस्त्री टेबलाखाली शोधतोय. "माझा पांढरा रंग कुठं गेला?" चौकट चार. रंग पिऊन बकरीची दाढी पांढरीशुभ्र झालीय आणि ट्रॅफिकचा पोलीस टाचा जुळवून तिला सलाम करतोय. "सलाम, चाचा."

एवढंच आहे. सत्ता नाही, जनता नाही. आठ वर्षांच्या मुलाला कळेल. त्या शनिवारी अब्बांनी सांगितला तेव्हा अम्मी इतकी हसली की पोळी करपली.

तुमच्या हॉलमध्ये तीनशे माणसं होती. त्यांच्यात एकालाही हे कळलं नाही, यावर माझा विश्वास नाही. त्यांना कळून घ्यायचं नव्हतं. तुम्ही फ्लेक्सवरच लिहून ठेवलं होतं की हे कळत नसतं.

माफीची वाट बघते.

फरहा


यवतमाळ
६ फेब्रुवारी २०२५

देवराव काका,

माफी आली नाही. त्याऐवजी हे आलं: "बेटा, तू सांगितलेला जोक मस्त आहे. मी हासलो. पण तो पेपरात नाही. पेपरात पोलीस पह्यल्याच चौकटीत सलाम करून राह्यला. दाढी आधी पांढरी झाली अन् रंग मागून पेला, असं कसं? तू जलालभाईची चूक झाकून राह्यली."

पोलीस चौथ्या चौकटीत आहे.

माझ्यासमोर कात्रण आहे. आज सकाळी ड्यूटीला जाण्याआधी पाहिलं, आता परत आल्यावर पाहिलं. पोलीस चौथ्या चौकटीत आहे. एका माणसाने तीस वर्षं पेपरची पानं लावली आणि त्याला एक ते चार मोजता येत नाहीत, हे मी आजवर गृहीत धरलं नव्हतं. आता धरते.

आणि चूक झाकण्याबद्दल. मी एक्स-रे काढते. माझं काम दिवसभर एवढंच असतं की जे आहे ते, जिथे आहे तिथे, तसं दाखवायचं. पेशंट ओरडला तरी, नातेवाईक हातापाया पडले तरी. मी कोणाचं मोडलेलं हाड जोडलेलं दाखवत नाही, आणि माझ्या वडिलांचं तर मुळीच नाही. हा आरोप तुम्ही दुसऱ्या कोणावर करून बघा.

तरी तुमच्या समाधानासाठी मी तपासून पाहिलं. आमच्याकडे वॉर्डात बेबीताई आहेत, पेशंटना व्हीलचेअरवरून माझ्याकडे घेऊन येतात. जेवणाच्या सुट्टीत त्यांना कात्रण दिलं. त्यांनी ते बराच वेळ धरलं. मग म्हणाल्या, "बकरी मस्त काढली वं मॅडम." मी विचारलं, जोक समजला का? "मले काय समजते? मी सातवी नापास." मी म्हटलं, यात शिक्षणाचा संबंध नाही. तर म्हणाल्या, "चिडता कायले? हासू का? हासते." आणि हसल्या. मला त्यांच्या हातातून कात्रण काढून घ्यावं लागलं.

याचं कारण मला दिसतं ते सांगते. मूळ चित्र तीस सेंटिमीटर रुंद असतं. तुम्ही ते साडेसोळावर आणता, राशिभविष्य आणि दातांच्या जाहिरातीच्या मधे कोंबता. बकरीची दाढी दोन मिलिमीटरची होते. ती पांढरी आहे की काळी, हे कोणाला दिसणार? चूक छपाईची आहे. तुमची आहे.

अब्बा अजून काढत नाहीत. काल दुकानात एका बाईंनी पिठाच्या गिरणीच्या पाटीवर एक कोंबडी काढून मागितली, अब्बांचं नाव ऐकून आल्या होत्या. अब्बा म्हणाले, रेडियमवाल्याकडून कापून घ्या, छान येते. गिऱ्हाईकाला त्यांनी स्वतः समोरच्या दुकानात नेऊन सोडलं.

यापुढे मोजून लिहा.

फरहा


यवतमाळ
११ फेब्रुवारी २०२५

देवराव काका,

पोलीस पहिल्या चौकटीत आहे.

आता कसं ते सांगते, आणि मधे एकही वाक्य गाळणार नाही.

आज दुपारी एका नवीन डॉक्टरांनी छातीची फिल्म दिव्याच्या पेटीवर लावली आणि बोलायला सुरुवात केली. बेबीताई मागे व्हीलचेअर धरून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "अवं मॅडम, याचं काळीज उजवीकडं काहून?" डॉक्टरांनी फिल्म पालथी लावली होती. फिल्मवर शिशाच्या अक्षराची खूण असते, कोणती बाजू डावी ते सांगणारी. ती मीच लावते, प्रत्येक वेळी, न चुकता. खूण नसेल तर चांगल्या माणसाचं काळीज उजवीकडे जातं आणि त्याला बघणारा शहाणा माणूस आजार शोधत बसतो.

मी पर्समधून कात्रण काढलं आणि बेबीताईंना म्हटलं, वाचू नका, नुसतं बोट ठेवा, तुम्ही कुठून सुरू केलं? त्यांनी डावीकडे बोट ठेवलं. पोलिसावर.

माझं बोट उजवीकडे होतं.

घरी येऊन अब्बांना काही न सांगता जुनं एक कात्रण दिलं. "अब्बा, हा कोणता होता?" त्यांचं बोट उजव्या टोकाला गेलं. अम्मीचंही. आमच्या घरात कागद उजवीकडून उघडतो. अब्बा सातवीपर्यंत उर्दू शाळेत शिकले, आणि उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितात. पाट्यांवरची मराठी ते डावीकडून रंगवतात, त्यात कधी चूक होत नाही, कारण ती त्यांना कोणीतरी तशी शिकवली. चित्रातली गोष्ट कुठून सुरू करायची, हे कोणी शिकवलं नव्हतं. त्यांची गोष्ट त्यांच्या पहिल्या अक्षरासारखी उजवीकडून निघाली आणि सहा वर्षं डावीकडे चालत राहिली. तुमचे वाचक समोरून येत होते.

लग्नपत्रिकेवाला आठवतो? बकरी पत्रिकेतलं नाव खाते आणि मिस्त्री भलत्याच लग्नात जाऊन जेवतो. तुमच्या वाचकांनी आधी मिस्त्रीला जेवताना पाहिलं, आणि शेवटी बकरीला कागद चघळताना. त्या प्राध्यापकांना यातच विसंगती सापडली असणार.

आता माझं. दोन्ही लिप्या नीट वाचणारी घरात मी एकटी. मराठी शाळेत शिकलेली मी. प्रत्येक फुगा मी भरला. अब्बा आधी जोक तोंडी सांगायचे, हातवारे करून, बकरीचा आवाज काढून. मग मी उजवीकडच्या फुग्यापासून सुरुवात करून अक्षरं लिहायचे. ओळ सरळ आली का, जोडाक्षर फुटलं का, एवढंच बघायचे. छापून आलेली चित्रपट्टी मी कधी वाचली नाही. ऐकलेला जोक कोण वाचतं? खूण लावायचं काम माझं होतं आणि मी ती लावली नाही.

आणि तो फोन. वीस डिसेंबरला तुम्ही विचारलंत, "फरहा, खरं सांग, तुले तरी समजते का जलालभाईचा जोक?" बाहेर चार पेशंट होते. मी म्हणाले, "मी फक्त अक्षरं लिहिते, काका." मला एवढंच म्हणायचं होतं की या वेळी फोन करू नका. ते पूर्ण खरं नाही. डॉक्टर, नर्स सगळे रविवारी ती चित्रपट्टी बघून 'काही कळत नाही' अशी मान हलवायचे आणि ती माझ्या वडिलांची आहे हे मी तिथे कोणाला सांगितलेलं नव्हतं. तुम्ही माझ्या उत्तराचा अर्थ काढलात की पोरीलाही कळत नाही, आणि स्पर्धा लावलीत. तुमच्या जागी मीही तोच अर्थ काढला असता.

यामुळे माझा राग कमी झालेला नाही. त्याची वाटणी बदलली आहे. तुमचा वाटा हा: सहा वर्षं तुम्ही त्यांच्या शेजारी बसलात. न समजलेला कागद हातात असायचा आणि तो काढणारा माणूस हातभर अंतरावर. "जलालभाई, मले समजलं नाही," हे चार शब्द तुम्ही बोलला नाहीत. तुम्हाला मान द्यायचा होता. समजलं नाही म्हणायला लाज वाटते म्हणून आपण ज्याला मोठं म्हणतो, तो एकटा पडतो. मग एक दिवस हॉलमध्ये त्याला विचारतो.

माफी आता मागत नाही. छापायचीच झाली तर खाली माझीही सही लागेल.

सोबत तीच चित्रपट्टी आहे. मूळ चित्राच्या प्रतीतून चारही चौकटी कापल्या आणि उलट क्रमाने चिकटवल्या. आता पोलीस शेवटी आहे. २३ तारखेच्या पुरवणीत छापा. खुलासा नको, चौकोनात टीप नको, 'वाचकांच्या आग्रहास्तव' नको. दातांच्या जाहिरातीपेक्षा मोठी छापा.

अब्बांना सांगितलेलं नाही. सांगायला गेले होते. ते आरशासमोर दाढी विंचरत होते. 'सहा वर्षं दर आठवड्याला तुम्ही एक गंमत सांगितली आणि ती कोणाच्याही कानापर्यंत पोचली नाही', हे त्या माणसाला कोणत्या शब्दांत सांगतात? मी कंगवा कुठे आहे एवढं विचारून परत आले. कंगवा त्यांच्या हातातच होता. आधी लोक हसू देत. मग सांगेन.

फरहा


यवतमाळ
२३ फेब्रुवारी २०२५, सकाळी नऊ वाजून दहा

देवराव काका,

घाईत लिहिते आहे. अब्बा तुमच्याकडे बाभुळगावला निघालेत. बाहेर स्कूटरला किक मारतायत, ती थंडीत सात-आठ किकशिवाय सुरू होत नाही. तेवढाच वेळ आहे.

तुम्ही छापलंत. जाहिरातीपेक्षा मोठं.

साडेसातला बेबीताईंचा फोन आला. आधी नुसतं हसूच ऐकू आलं. "मॅडम! बकरीनं रंग पेला वं! पोलीस तिले चाचा म्हणून राह्यला!" त्या वॉर्डात पलंगापलंगावर पेपर दाखवत फिरत होत्या. मागून एक म्हातारा खोकत हसत होता, बरगडी मोडलेला, परवा मीच त्याचा एक्स-रे काढला. त्याने हसायला नको होतं. मी बेबीताईंना सांगितलं की ते माझ्या वडिलांनी काढलंय. त्या म्हणाल्या, "मग आतापर्यंत दडवून काहून ठेवलं?"

फोन ठेवून मी अब्बांकडे पेपर घेऊन गेले. सहा आठवडे त्यांनी रविवारची पुरवणी उघडलेली नव्हती. मी उघडून पुढे ठेवली. ते बघायला तयार नव्हते, मग बघितलं. बोट उजवीकडे ठेवलं. पोलिसावर. मग पुढे सरकलं. मग परत मागे आलं.

आणि ते ओरडले. "उल्टा! सईदा, ये देखो, देवराव ने उल्टा छाप दिया! सलाम पहले, रंग बाद में! इसमें क्या समझेगा आदमी?"

अम्मी माझ्याकडे बघत होती. मी तोंड उघडलं. "अब्बा, ते..." त्यांनी ऐकलं नाही. "अब समझा! ऐसा छापते हैं, तभी तो लोगों को समझता नहीं! मैं छह हफ्ते घर में बैठा, बर्तन घिसा, और इसको चौकट लगाना नहीं आता!" घरभर फेऱ्या मारत होते. शेजारच्या हंसाबाई खिडकीत आल्या. अब्बा त्यांनाही म्हणाले, "तुम्हीच सांगा वहिनी, रंग पेल्याबगर दाढी पांढरी होते का?" हंसाबाई म्हणाल्या, "नाही जी, कशी होईल?"

मग त्यांनी स्टूल घेतलं आणि कपाटावरून कॅरम बोर्ड काढला. बाहीने धूळ पुसली. पेन्सिल कानावर ठेवली. तुम्हाला समोर बसवून कसं लावायचं ते शिकवणार आहेत. बोर्ड आता स्कूटरवर पायाजवळ उभा ठेवलाय.

मी सांगू शकले असते. दोन वाक्यांचं काम होतं. पण काका, सहा आठवड्यांत त्यांचा आवाज आज पहिल्यांदा दाराबाहेर गेला. तो मला थांबवता आला नाही. मी म्हणाले, काकांना एक चिठ्ठी द्यायची आहे. त्यांनी खिसा पुढे केला. ते दुसऱ्याचं पत्र उघडत नाहीत, तुम्हाला माहीत आहे.

तर आता ऐका. आधी त्यांना पूर्ण ओरडू द्या. मधे बोलू नका. सवय नसेल, तरी. चहा मागवा. मग पेपर दोघांच्या मधे ठेवा आणि म्हणा, "जलालभाई, मले वाचून दाखवा." त्यांचं बोट कुठे जातं ते बघा. मग त्याच कागदावर तुमचं बोट ठेवा, तुमच्या बाजूला. एक अक्षरही बोलू नका. ते पाट्या रंगवणारे आहेत, त्यांना दिसेल. दिसल्यावर ते जे काही म्हणतील ते तुम्हाला एकट्याला ऐकावं लागेल. हॉलमध्ये तुम्ही माईक बाजूला धरला होता. आज धरू नका.

मी तुम्हाला माफ केलेलं नाही. ते विचारतील, फरहाला माहीत होतं का? हो म्हणा. अकरा तारखेपासून.

स्कूटर सुरू झाली. चारपर्यंत त्यांना घरी पाठवा. आज शनिवार नाही, तरी स्केल काढून ठेवली आहे.

फरहा